विश्वाची पहिली धूळ

धूळ ह्या वस्तूकडे मनुष्याचे लक्ष जाते ते ती झाडून टाकण्यापुरते. आपल्या बोलण्यातही तिला मान नाही. कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकणे, कोणाला धूळ चारणे, केलेले काम धुळीस मिळणे, असेच तिचे उल्लेख येतात. थोरांच्या पायांची धूळ मस्तकी लावतात ती तेवढी अपवाद. पण तेथेही मान असतो तो पायांचा. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी धुळीला फार काळपर्यंत ह्याहून निराळी वागणूक दिली नाही. प्रथम तिचे अस्तित्वच कोणाला ओळखता आले नाही. पुढे ओळख पटली तेव्हा ती केवळ अडचण ठरली. आणि अगदी अलीकडे असे कळून आले की, विश्वाच्या पहिल्या शंभर कोटी वर्षांत काय घडले हे सांगणाऱ्या थोड्या साक्षीदारांपैकी ती एक आहे. हा बदल कसा घडला त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ इंग्लंडमध्ये होतो. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतील हॅनोव्हरचा वादक. पोटासाठी तो इंग्लंडात आला आणि स्वतः आरसे घासून दुर्बिणी करू लागला. १७८१ साली त्याने युरेनस हा ग्रह शोधला. त्याची बहीण कॅरोलिन त्याच्यासाठी रात्री जागवी आणि तो सांगेल ते टिपून घेई. १७८५ च्या सुमारास वृश्चिक राशीतून दुर्बीण फिरवीत असता एके ठिकाणी ताऱ्यांची दाटी एकाएकी संपली आणि नजरेपुढे काळीभोर मोकळी जागा आली. आकाशाला येथे भोकच पडले आहे, असे त्याला वाटले. त्या भोकाच्या कडेलाच ताऱ्यांचा एक दाट गोळा होता. तेव्हा येथले तारे गुरुत्वाकर्षणाने ओढले जाऊन त्या गोळ्यात जमा झाले असावेत व मागे ही पोकळी उरली असावी, असा तर्क त्याने केला. तर्क सुंदर होता, पण खरा नव्हता. कॅरोलिनला मात्र ती जागा विसरता आली नाही. १८३३ साली, हर्शेलला वारून अकरा वर्षे झाली असता, त्याचा मुलगा जॉन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी जाऊन तेथून आकाश पाहण्याच्या तयारीत होता. त्या वेळी त्र्याऐंशी वर्षांच्या ह्या आत्याने पत्र लिहून त्याला वृश्चिकेतील त्या जागेकडे पुन्हा नीट पाहावयास सांगितले.

ह्याच हर्शेलच्या हातून १८०० साली आणखी एक शोध लागला. लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून त्याच्या निरनिराळ्या रंगांत तो उष्णतामापक ठेवून पाहत होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा वर चढला. डोळ्यांना न दिसणारा परंतु उष्णतेच्या रूपाने जाणवणारा हा प्रकाश. त्याला आज आपण अवरक्त प्रकाश म्हणतो. आकाशातील काळे भोक आणि न दिसणारा प्रकाश ही दोन्ही एकाच मनुष्याने पाहिली. त्या दोहोंचे नाते मात्र त्याला कळले नाही, आणि कळण्याजोगा तो काळही नव्हता. ते नाते जुळण्यास पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

मध्यंतरी १८४७ साली रशियातील पुल्कोवो वेधशाळेचा संचालक विल्हेल्म स्ट्रुव्ह ह्याने ताऱ्यांची मोजदाद करून एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. सूर्यापासून जसजसे दूर जावे तसतशी ताऱ्यांची दाटी सर्व बाजूंनी कमी होत जाताना दिसते. तेव्हा एक तर आपला सूर्य योगायोगाने ताऱ्यांच्या गर्दीच्या मधोमध असला पाहिजे, नाहीतर दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश वाटेत कोणीतरी गिळत असले पाहिजे. स्ट्रुव्हचा कौल दुसऱ्या बाजूला होता. पण गिळणारा कोण हे त्याला दाखविता आले नाही, आणि ती गोष्ट तशीच मागे पडली.

ती पुन्हा वर आणली अमेरिकेतील एडवर्ड एमर्सन बर्नार्ड ह्याने. बर्नार्ड नॅशव्हिल येथे अत्यंत गरिबीत वाढला. वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारले होते. नवव्या वर्षी तो छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला लागला, आणि तेथे शिकलेली छायाचित्रणाची कला त्याला जन्मभर उपयोगी पडली. आकाशगंगेची त्याने तासन्‌तास काच उघडी ठेवून घेतलेली छायाचित्रे पाहिली म्हणजे तिच्यातील काळे डाग, फाटे आणि ओहोळ प्रथमच स्पष्ट दिसतात. आरंभी बर्नार्डही ह्या डागांना भोकेच समजत असे. त्याचे मत पालटण्यास कारण झालेली एक साधी घटना त्याने लिहून ठेवली आहे. १९१३ च्या उन्हाळ्यात एका निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्री धनु राशीतील आकाशगंगेच्या उजळ भागासमोरून पृथ्वीवरचेच काही लहान ढग सरकत होते. उजेडापुढे ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते, आणि छायाचित्रांतील काळ्या डागांशी त्यांचे विलक्षण साम्य होते. जे डाग आपण रिकामी जागा समजतो ते प्रकाशाच्या वाटेत उभे असलेले ढगच असतील, हा विचार त्याच्या मनात पक्का होत गेला. १९१९ साली त्याने अशा १८२ काळ्या आकृतींची यादी प्रसिद्ध केली.

ह्या विचारावर पुराव्याची मोहोर उमटली १९३० साली. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत रॉबर्ट ट्रम्प्लर हा मूळचा स्विस ज्योतिर्विद शंभर तारकापुंजांचा अभ्यास करीत होता. पुंज किती मंद दिसतो ह्यावरून त्याचे अंतर काढावे, आणि त्या अंतरावरून त्याचा खरा आकार काढावा, असा त्याचा क्रम होता. परंतु ह्या हिशेबाने जो पुंज जितका दूर तितका तो मोठा ठरू लागला. सर्व मोठे पुंज आपल्यापासून दूर जाऊन बसावेत असे निसर्गाला काय पडले होते? उघडच दूरच्या पुंजांचा प्रकाश वाटेत क्षीण होत होता व त्यामुळे अंतरे अवास्तव निघत होती. शिवाय दूरच्या ताऱ्यांचा रंगही असावा त्याहून तांबूस होता. मावळता सूर्य हवेच्या जाड थरातून पाहताना तांबडा दिसतो, कारण निळा प्रकाश अधिक विखुरला जातो. आकाशगंगेतील धूळही ताऱ्यांच्या प्रकाशावर तोच परिणाम करते. आकाशगंगेचा व्यास पूर्वी तीन लक्ष प्रकाशवर्षांपर्यंत धरला जाई. तो पुढे सुमारे एक लक्षावर आला त्याला इतर कारणांबरोबर धुळीचा हा शोधही कारण झाला.

अशा रीतीने धूळ आहे हे ठरले. परंतु ती कशाची आहे हा प्रश्न उरला. १९४० च्या दशकात हॉलंडमधील व्हान दे हुल्स्ट ह्याने हे कण मुख्यतः बर्फाचे असावेत असे मांडले. १९६२ साली केंब्रिजचे फ्रेड हॉइल आणि त्यांचे सिंहली शिष्य चंद्र विक्रमसिंघे ह्यांनी ग्राफाइटची, म्हणजे कार्बनची, कल्पना पुढे आणली. काही म्हाताऱ्या ताऱ्यांच्या वातावरणात कार्बन विपुल असतो. तो वायुरूपाने बाहेर पडून थंड होताच त्याचे कण बनतात. आमच्या वाचकांना ह्याचे आश्चर्य वाटू नये. देवघरातील समईवर थंड वाटी धरली असता तिच्या बुडाला जी काजळी जमते तीही ज्योतीतून निघालेल्या कार्बनचीच असते. पुढे असे निश्चित झाले की, ह्या धुळीत कार्बनचे कण असतात तसेच सिलिकेटचे, म्हणजे वाळू व खडक ज्या जातीच्या द्रव्याचे असतात त्या जातीचेही, कण असतात, आणि थंड जागी त्यांच्यावर बर्फाचा लेप चढतो. नेहमीचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, म्हणजे धुराच्या कणासारखा बारीक. आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत जे द्रव्य आहे त्याच्या वजनात धुळीचा वाटा अवघा शेकडा एकच्या आसपास आहे.

१९६५ साली अमेरिकेतील थिओडोर स्टेचर ह्याने अग्निबाणांतून घेतलेल्या वेधांवरून आणखी एक खूण दाखविली. अतिनील प्रकाशात २१७.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास ही धूळ विशेष प्रकाश शोषून घेते. ही खूण कार्बनयुक्त कणांची मानली जाते. आमच्या कथेच्या शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

ह्याच काळात धुळीच्या इतिहासात एका मराठी नावाची भर पडली. कोल्हापूर येथे १९३८ साली जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर हे केंब्रिज येथे हॉइल ह्यांचे शिष्य होते. १९६५ साली सर्व दिशांनी सारख्या येणाऱ्या सूक्ष्मतरंगांच्या प्रारणाचा शोध लागला, आणि तो महास्फोटाचा पुरावा म्हणून बहुतेकांनी स्वीकारला. नारळीकर आणि विक्रमसिंघे ह्यांनी १९६७ साली निराळा पक्ष मांडला : ताऱ्यांचा प्रकाश धुळीत मुरून त्याचेच असे प्रारण होऊ शकेल. पुढे १९९३ साली हॉइल व बर्बिज ह्यांच्यासह मांडलेल्या विश्वरचनेतही नारळीकरांनी लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांना असेच महत्त्वाचे स्थान दिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे पटले नाही, आणि पुढील वेध महास्फोटाच्याच बाजूचे निघाले. तथापि आपल्याकडील शास्त्रार्थात पूर्वपक्ष जितक्या निष्ठेने मांडावा तितका उत्तरपक्ष बळकट होतो असे मानतात. नारळीकरांनी अल्पमताचा तो पक्ष अखेरपर्यंत सचोटीने सांभाळला. पुण्याच्या आयुका ह्या संस्थेचे संस्थापक संचालक व मराठीतील विज्ञानलेखक म्हणून सर्वांस आदरणीय झालेला हा पुरुष २० मे २०२५ रोजी निवर्तला.

आता हर्शेलच्या दुसऱ्या शोधाकडे वळू. धूळ प्रकाश गिळते. मग तो जातो कोठे? तो नाहीसा होत नाही. त्या उष्णतेने कण किंचित तापतात. किंचित म्हणजे शून्याखाली सव्वादोनशे-अडीचशे अंशांपर्यंत. आणि तेवढ्या उबेने अवरक्त प्रकाशात झळकू लागतात. दृश्य प्रकाशात जे काळे भोक तेच अवरक्तात तेजस्वी. परंतु हा प्रकाश बहुतांशी हवेतील बाष्पातच अडतो, म्हणून तो पाहण्यास उंच जावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबाद येथील आपल्या केंद्रातून प्रचंड फुग्यांना एक मीटर व्यासाची दुर्बीण बांधून ती वातावरणाच्या माथ्याशी पाठविली आणि नवे तारे जन्मतात त्या धुळीच्या प्रदेशांचे वेध घेतले, ते ह्याचसाठी. १९८३ साली आयरास हा उपग्रह ह्याच कामासाठी सोडण्यात आला, आणि त्याने दाखविले की, काही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी तारकाविश्वे, आपला जवळजवळ सगळा प्रकाश धुळीतून गाळून अवरक्तातच बाहेर टाकतात. पुढच्या वेधांनी ह्याहून मोठा हिशेब पुढे आणला. विश्वातील ताऱ्यांनी आजवर जेवढा प्रकाश दिला त्यातला सुमारे निम्मा धुळीने गिळून अवरक्तात परत दिला आहे. म्हणजे दृश्य प्रकाशावरच विसंबून लिहिलेला विश्वाचा इतिहास निम्माच ठरतो.

हा हिशेब लागताच धुळीचा प्रश्न काळाचा प्रश्न झाला. आकाशात दूर पाहणे म्हणजे मागे पाहणे. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. अतिदूरच्या दीर्घिकेचा प्रकाश तिच्या बाल्यावस्थेतील वार्ता घेऊन येतो. विश्व प्रसरण पावत असल्याने वाटेत त्याची तरंगलांबी ताणली जाते, आणि धुळीची अवरक्त ऊब आपल्यापर्यंत मिलिमीटरच्या आसपासच्या तरंगांत पोहोचते. १९९७ साली हवाई बेटावरील मौना केआ पर्वतावरून अशा तरंगांत धुळीने मढलेल्या दूरच्या दीर्घिका प्रथम सापडल्या. २००३ साली, विश्व नव्वद कोटी वर्षांचेही नव्हते त्या काळच्या एका क्वेसारमध्ये सूर्याच्या कोट्यवधी पट धूळ आढळली. २०१५ साली डॅरक वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातील आल्मा ह्या ६६ तबकड्यांच्या वेधशाळेतून आबेल १६८९ ह्या दीर्घिकापुंजामागची एक सामान्य आकाराची दीर्घिका तपासली. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय सत्तर कोटी वर्षे होते. आणि तिच्यात सूर्याच्या सुमारे चार कोटी पट धूळ होती. २०१७ साली निकोलस लापोर्त ह्यांच्या मंडळींनी आबेल २७४४ च्या मागे साठ कोटी वर्षांच्या विश्वातही धूळ दाखविली.

ह्यात एवढे नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल हे की, आरंभी विश्वात धूळ नव्हती, आणि असणे शक्यही नव्हते. महास्फोटातून हायड्रोजन व हेलियम निघाले आणि अत्यल्प लिथियम. कार्बन, प्राणवायू, सिलिकॉन, लोखंड ह्यांतले काहीही नव्हते. ही द्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजतात आणि तारे मरताना बाहेर पडतात. आपल्या परिसरातील धुळीपैकी बरीचशी म्हाताऱ्या ताऱ्यांनी सावकाश सोडलेली असते; परंतु सूर्याएवढ्या ताऱ्यास म्हातारपण येण्यास हजार कोटी वर्षे लागतात, आणि दुपटी-तिपटीच्या ताऱ्यासही चाळीस ते शंभर कोटी. साठ-सत्तर कोटी वर्षांच्या विश्वात ही वाट पाहण्यास अवधी नव्हता. नातवाच्या बारशाला पणतूच्या लग्नाचे निमंत्रण यावे, तशी ही विसंगती.

मग एवढी धूळ आली कोठून? संशय राक्षसी ताऱ्यांवर जातो. सूर्याच्या आठपटींहून जड तारा काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांतच जळून संपतो व अतिनवतारा होऊन फुटतो. त्या स्फोटाच्या राखेत धूळ बनत असली पाहिजे. परंतु किती? ह्याचे उत्तर जवळच्याच एका स्फोटाने दिले. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघात एक अतिनवतारा दिसला. पहिल्या दोन वर्षांत त्यात धूळ दिसली ती सूर्याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. तेवढ्याने काहीच भागले नसते. पुढे २०११ साली अवरक्त प्रकाश पाहणाऱ्या एका अवकाशदुर्बिणीने त्याच जागी अतिशीत धुळीचा साठा मोजला, तो सूर्याच्या निम्म्या वजनाएवढा भरला. त्या दुर्बिणीचे नाव हर्शेल. ज्याने आकाशात भोक पाहिले आणि अवरक्त प्रकाशही शोधला, त्याच्याच नावाच्या दुर्बिणीने त्या दोहोंचे नाते असे जुळविले. तरी हिशेब पुरा झालेला नाही. स्फोटाचा परतणारा आघात नव्या धुळीतील काही कणांचा चुराडा करतो, तेव्हा उरते किती हा वाद आहे. काही संशोधक म्हणतात की, स्फोटातून केवळ बीजकण आले, आणि पुढे ताऱ्यांमधल्या थंड ढगांत त्यांच्यावर द्रव्याचे थर चढून ते वाढले.

२०२१ च्या डिसेंबरात उडालेल्या जेम्स वेब दुर्बिणीने ह्या वादात नवी साक्ष आणली. २०२३ च्या जुलैत योरिस विट्स्टोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, विश्व शंभर कोटी वर्षांचे होण्यापूर्वीच्या एका दीर्घिकेच्या वर्णपटात, स्टेचरने १९६५ साली दाखविलेली तीच कार्बनची खूण ओळखली. २१७.५ नॅनोमीटरची ती खूण वाटेत सुमारे पावणेआठपट ताणली जाऊन अवरक्तात येऊन पोहोचली होती. तिच्यामुळे केवळ धूळच नव्हे तर धुळीचा प्रकारही एवढ्या लवकरच्या काळात प्रथम सांगता आला. उलट २०२४ साली जाहीर झालेली, विश्वाच्या पहिल्या तीस कोटी वर्षांतील एक दीर्घिका निराळेच सांगते. तिच्यात २०२५ साली आल्माने प्राणवायूची खूण शोधली, म्हणजे तारे तेथे जन्मून मेले होते. धुळीची ऊब मात्र आढळली नाही. तशाच प्राचीन इतर काही दीर्घिकाही अपेक्षेहून निळ्या व स्वच्छ दिसतात. धूळ अजून बनलीच नव्हती, की नव्या ताऱ्यांच्या प्रखर प्रकाशाने ती बाहेर उडवून लावली होती? दोन्ही पक्षांना आज वकील आहेत.

धुळीविषयी बेसावध राहिल्यास काय होते ह्याचा धडाही ह्याच दशकांतला. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरील बायसेप-दोन ह्या दुर्बिणीच्या संशोधकांनी विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वतरंगांची खूण सापडल्याचे जाहीर केले. जगभर जयघोष झाला. वर्ष उलटण्याच्या आत, प्लँक उपग्रहाच्या मंडळींबरोबर केलेल्या एकत्र पडताळणीत दिसून आले की, तो संकेत जन्मक्षणाचा पुरावा मानता येत नाही. त्यात आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा वाटा मोठा होता. विश्वाच्या आरंभाकडे लागलेल्या दृष्टीला घरच्या अंगणातील धूळ आड आली. संशोधकांनी ती पडताळणी शत्रूवत् न मानता तिच्यात स्वतः भाग घेतला, हे त्यांस भूषणावह होय.

ह्या सर्व खटाटोपाचे महत्त्व दीर्घिकांच्या हिशेबापुरते नाही. हायड्रोजनचे दोन अणू अवकाशात एकटेदुकटे भेटून सहसा जुळत नाहीत; धुळीच्या कणाच्या पृष्ठभागावर ते जुळतात, आणि त्यांच्या रेणूंनी भरलेल्या थंड ढगांत तारे जन्मतात. ताऱ्याभोवतीचे कण एकमेकांस चिकटत जाऊन खडे, धोंडे आणि शेवटी ग्रह होतात. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत असे कण सापडले आहेत की, ते सूर्याच्याही आधीचे आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्यांतील काहींचे वय सुमारे सातशे कोटी वर्षे निघाले, आणि सूर्य तर चारशे साठ कोटींचा. तेव्हा पहिली धूळ केव्हा पडली हे विचारणे म्हणजे पहिली जमीन केव्हापासून शक्य झाली हे विचारणे होय. मनुष्याच्या पायाखालची माती आणि त्याच्या रक्तातील लोखंड ह्यांची वंशावळ त्या प्रश्नाशी जाऊन भिडते.

चैत्र-वैशाखातील अमावास्येच्या सुमारास, पावसाळी ढग येण्यापूर्वी, उत्तररात्री दक्षिणेकडे पाहावे. वृश्चिक आणि धनु राशींतून आकाशगंगेचा पट्टा वर चढलेला असतो, आणि त्याच्या मधोमध काळा फाटा पडलेला असतो. दिव्यांच्या झगमगाटापासून दूर असलेल्या गावी तो साध्या डोळ्यांनी दिसतो. हर्शेलला तेथे भोक दिसले, बर्नार्डला ढग दिसला. आज आपणास ठाऊक आहे की, ती ताऱ्यांची राख आहे आणि तिच्यातून पुढचे तारे घडत आहेत. पहिल्या दीर्घिकांत ही राख प्रथम केव्हा साचली ह्याचा निकाल अजून लागावयाचा आहे.